पिशवीची इभ्रत

आमच्या यवतमध्ये पूर्वी माणसाची ऐपत बैलजोडीवरून ओळखायचे, नंतर विहिरीच्या पाण्यावरून, मग दारातल्या गाडीवरून. हल्ली ती पिशवीवरून ओळखतात. रविवारी संध्याकाळी गाडीतून उतरताना कोणाच्या हातात कुठल्या दुकानाची पिशवी होती ही बातमी, पिशवीतली साखर डब्यात पडायच्या आत, निम्म्या गावाला झालेली असते. पिशव्यांची एक उतरंड असते. रेशनची गोणपाटी पिशवी सगळ्यांत खाली, तिच्यावर आठवडे बाजाराची, तिच्यावर किराणा दुकानाची आणि सगळ्यांत वर डी-मार्टची. गंमत अशी की हीच उतरंड घेऊन पुण्याकडे निघालात, तर लोणी काळभोर ते हडपसरच्या दरम्यान कुठेतरी ती शीर्षासन करते.

आधी आमच्या बाजूचं सांगतो. यवतला डी-मार्टला जाणं म्हणजे खरेदी नव्हे. ते देवदर्शन आणि सहल यांच्या मधलं काहीतरी आहे. भुलेश्वरला श्रावणात जातात, डी-मार्टला पगार झाला की जातात. नव्या साड्या निघतात, पोरांच्या केसांना पाणी लावून भांग पडतो, म्हातारीला पुढच्या सीटवर बसवतात. वाटेत कोणी विचारलंच, "काय तात्या, कुठं दौरा?" तर तात्या काच खाली करून, आवाज जरा मोठा करून सांगतात, "काय न्हाई, जरा डी-मार्टला. पोरं म्हणत्यात चला." पोरं काहीही म्हणत नसतात. पोरांना आईस्क्रीम हवं असतं आणि ते यवतलाही मिळतं.

आत शिरल्यावर तात्या ट्रॉली ताब्यात घेतात. आयुष्यभर औत हाकलेला माणूस. ट्रॉलीची दांडी तो रुमणं धरल्यासारखीच धरणार. ट्रॉलीचं एक चाक नेहमी एका अंगाला ओढत असतं. तात्या पहिल्याच वळणावर थांबतात आणि म्हणतात, "डावा बैल आडमुठा हाय." मग सरळ तास धरून डाळी, तेल, साबण, बिस्किटं असं एक चक्कर. परतीचं तास बरण्या आणि प्लॅस्टिकच्या डब्यांच्या बाजूने. यवतमध्ये आज असं घर सापडणार नाही, ज्यात झाकणाचे रिकामे डबे डझनाच्या खाली आहेत. त्यात काय ठेवायचं हे कोणाला माहीत नाही. स्वस्त होते, म्हणून घेतले.

बिल झाल्यावर खरा सोहळा. त्या लांबलचक कागदावर खाली कुठेतरी छापील किमतीपेक्षा एकूण किती रुपये वाचले तो आकडा असतो. घरातला सगळ्यांत शिकलेला मुलगा तो मोठ्याने वाचतो. किती रुपये खर्च झाले ते कोणी वाचत नाही. तो आकडा वाचणं अशुभ. पुढे आठ दिवस गावात "सातशे वाचले" एवढंच सांगायचं असतं. यवत ते हडपसर जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, शंभरीपार गेलेलं पेट्रोल, वर सगळ्यांचा वडापाव आणि लिंबू सरबत, हा हिशेब मी एकदा तात्यांना करून दाखवला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असंही म्हणालो. तात्या शांतपणे म्हणाले, "मास्तर, मसाल्यासाठीच गेल्तो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

या दुकानाचा इतिहास आमच्या गावात थोडा पुराणासारखा सांगितला जातो. राधाकिशन दमाणी नावाचे शेअर बाजारातले एक बडे गृहस्थ, कायम पांढरा शर्ट घालणारे, त्यांनी २००२ साली मुंबईत पवईला पहिलं दुकान काढलं. युक्ती साधीच: शक्यतो जागा स्वतःची घ्यायची, म्हणजे भाडं नाही, दिव्याझुंबरांवर खर्च करायचा नाही, आणि माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे, म्हणजे तो भाव कमी लावतो. शेवटची गोष्ट आमच्या शेतकऱ्यांना कादंबरीसारखी वाटते. साखर कारखान्याकडून उसाचं बिल यायची वाट बघण्यात ज्यांचे केस पिकले, त्यांना कोणी माल दिल्यावर लवकर पैसे देतं हे ऐकूनच गहिवरून येतं. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा २९९ रुपयांचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी दुपटीवर उघडला. तेव्हापासून गावातल्या जाणत्यांचं मत असं, की आपण चुकीच्या रांगेत उभे राहिलो. बिलाच्या रांगेऐवजी शेअरच्या रांगेत राहायला हवं होतं.

आता आमचे किराणा दुकानदार. त्यांना सगळे शेठ म्हणतात. शेठच्या दुकानात भाव थोडा जास्त असतो हे खरं. पण तिथे खातं असतं. लाल कापडी बांधणीची वही आता गेली, मोबाइल आला, पण "लिहून ठेवा" हे शब्द तेच. मुलीचं बाळंतपण, उसाचं अडकलेलं बिल, अवकाळीने झोपवलेला कांदा, हे सगळं शेठच्या वहीत महिनोन्‌महिने मुकाट पडून राहतं. डी-मार्टमध्ये अवकाळी चालत नाही. म्हणून रविवारच्या फेरीनंतर गाडी शेठच्या दुकानावरून जाताना एक विलक्षण देखावा दिसतो: मघापर्यंत खिडकीतून बाहेर डोकावणाऱ्या पिशव्या अचानक पायाशी जातात, त्यांच्यावर म्हातारीची शाल पडते आणि सगळं कुटुंब एकदम रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचं निसर्गसौंदर्य बघू लागतं. तिथे एक पंक्चरचं दुकान आहे.

शेठ काही बोलत नाहीत. शेठ गुरुवारपर्यंत थांबतात. गुरुवारी रात्री पाहुणे येतात, साखर संपलेली असते, पोरगं पळत येतं, "शेठ, दोन किलो साखर, लिहून ठेवा म्हणलेत." शेठ साखर मोजतात, पुडा बांधतात आणि पुडा हातात देताना अगदी सहज विचारतात, "तिकडं लिवून घेत न्हाईत व्हय रं?"

पण परवा तात्यांना डी-मार्टमध्येच, साबणाच्या रांगेत, कोण भेटावं? शेठ. ट्रॉली शिगोशीग भरलेली. छोट्या दुकानदारांना काही माल त्यांच्या वितरकापेक्षा तिथे स्वस्त पडतो, ही काही आता गुपित राहिलेली गोष्ट नाही. तात्यांनी शेठना पाहिलं. शेठनी तात्यांना पाहिलं. मग दोघांनीही एकमेकांना पाहिलेलं नाही असं एकमताने ठरलं. त्या महिन्यात तात्यांच्या खात्यावर शेठनी तगादा लावला नाही.

पिशव्यांच्या उतरंडीत तळाला रेशन आहे म्हणालो. तिथे तर ढोंगाचा कळसच. "आम्ही रेशनचं खात नाही" हे वाक्य यवतमध्ये रेशनच्या रांगेत उभं राहूनच बोलतात. तांदूळ इडलीसाठी नेतात, गहू कोंबड्यांसाठी नेतात, कोणी नुसता "कार्ड चालू राहावं म्हणून" नेतो. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेच्या कार्डांवरचं हे धान्य फुकट झालं तेव्हा तर कोंबड्यांची संख्या फारच वाढली असावी. त्याआधी २०२२ च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला: रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो आणि लिटरभर पामतेल. त्या रांगेत अंगठीवाले, गाडीवाले, बागायतवाले सगळे दिसले. प्रत्येक जण शेजारच्या एका गरजू म्हातारीसाठी आला होता. गावात एवढ्या गरजू म्हाताऱ्या आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता पुण्याकडे वळू. माझी एक मावसबहीण पुण्यात उंच इमारतीत राहते. तिच्याकडे पिशवीचं शास्त्र आमच्याहून कडक आहे. कोरेगाव पार्क, औंध, कॅम्प अशा भागांत जी उंची वाणसामानाची दुकानं आहेत, त्यांची जाड कागदाची, दोरीच्या कानांची पिशवी लिफ्टमध्ये छातीशी धरायची असते. डी-मार्टची पिशवी लिफ्टमध्ये आणायचीच नसते. म्हणजे तिथून सामान आणायचं नसतं असा याचा अर्थ नाही. सामान गाडीच्या डिकीतच कागदी पिशव्यांत बदलायचं असतं. त्यासाठी फ्रिजच्या मागच्या फटीत घडी करून ठेवलेल्या कागदी पिशव्यांचा साठा असतो. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा बहिणीने फार पाठिंबा दिला होता. फ्रिजमागचा साठा तेव्हाच वाढला.

ती सांगते, "आम्ही नाही बाई डी-मार्टला जात, गर्दी किती असते!" एकदा मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी आठच्या सुमारास ती मला घेऊन गेली, 'तुला बघायचं असेल म्हणून.' दार उघडताच ती कोणालाही न विचारता, मान वर न करता, तूरडाळीच्या मांडणीपाशी पोचली. तिथे तिच्याच इमारतीतल्या एक बाई उभ्या होत्या.

"अय्या, तुम्ही इकडे?"

"पहिल्यांदाच! हे म्हणाले, बघून तरी येऊ. तुम्ही?"

"हा माझा भाऊ गावाहून आलाय ना, त्याला दाखवायला आणलं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी गावाहून आल्यासारखा चेहरा केला. त्याला फार कष्ट पडत नाहीत. मग पहिल्यांदाच आलेल्या त्या बाईंनी बहिणीला सांगितलं, "कपड्यांचा साबण आता वरच्या मजल्यावर हलवलाय हं त्यांनी."

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं समजू नका. माझा एक भाचा इंग्लंडमध्ये आहे. तिथे आल्डी आणि लिडल ही जर्मन स्वस्ताईची दुकानं, आणि वेटरोज हे उंची दुकान. सुरुवातीला म्हणे लोक वेटरोजची पिशवी घेऊन आल्डीत जात. २०२२ मध्ये महागाई भडकली आणि आल्डी त्या देशातलं चौथ्या क्रमांकाचं सुपरमार्केट झालं. त्यानंतर स्वस्त घेतलं हे सांगण्यातच शहाणपण दिसू लागलं. भाचा म्हणतो, "मामा, आता पार्टीत चीज किती स्वस्त मिळालं यावर अर्धा तास बोलतात." म्हणजे इंग्रजांचीही गाडी शेवटी "सातशे वाचले"वर आली. फक्त त्यांना दीडशे वर्षं राज्य करून जे कळलं नाही, ते एका महागाईने कळलं.

पण माझं खरं दुखणं पिशवीचं नाही, गुळाचं आहे.

दौंड तालुका गुळाचा. यवत, केडगाव, पारगावच्या पट्ट्यात हंगामात कुठूनही धूर दिसतो आणि वाऱ्यावर गोड, किंचित करपट वास येतो. गुऱ्हाळात एकदा उभं राहून बघा. रस काहिलीत पडतो, खाली चुलाणात वाळलेली चिपाडं धडधडत असतात. रस तापला की मळी वर येते, भेंडीच्या खोडाचा चिकट अर्क टाकला की ती आणखी धरते, मग झाऱ्याने काढून टाकतात. गुळव्या मात्र घड्याळ बघत नाही. तो उकळी बघतो, बुडबुड्याचा आकार बघतो, पाण्यात थेंब सोडून बोटांनी गोळी करून बघतो. अर्धं मिनिट चुकलं तर काकवी राहते किंवा गूळ करपतो. आता बरीच गुऱ्हाळं उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर चालवतात. मराठी आमच्याहून चांगलं बोलतात, आणि रागावले की भोजपुरीत रागावतात.

माझ्या लहानपणी गूळ म्हणजे पिवळाधमक हवा. पाहुण्यांपुढे, लग्नात, बाळंतिणीच्या लाडवात पिवळाच. काळपट निघालेली ढेप बाजूला पडायची, तिला भाव यायचा नाही. ती बैलाला, गाभण म्हशीला, नाहीतर गड्यांच्या चहाला. लोकांना पिवळा हवा, म्हणून गुऱ्हाळवाले रसात हायड्रोसची पावडर टाकायला लागले. गूळ सोन्यासारखा झाला. आणि तो पुरेसा सोन्यासारखा होतोय तोवर पुण्यात शोध लागला की काळा गूळच खरा. पावडर नसलेला, करड्या रंगाचा, म्हशीचा गूळ!

गेल्या दिवाळीला बहीण भाऊबीजेला आली आणि तिने मला भेट म्हणून एक काचेची बरणी दिली. झाकणावर तपकिरी कागद, कागदावर ज्यूटची सुतळी, सुतळीला एक चिठ्ठी. चित्रात फेटेवाला, मिशीवाला मराठी शेतकरी (गुऱ्हाळावर तसा कोणी मी वर्षानुवर्षं पाहिलेला नाही). आत काळा गूळ, अर्धा किलोच्या आत. किंमत सांगितली नाही, पण खोडायची राहिली होती: आमच्या गुऱ्हाळावर त्या पैशांत तीन किलोच्या वर गूळ आला असता आणि वर काकवीचा पेला. चिठ्ठीच्या मागे बारीक अक्षरात माल कुठून आला ते लिहिलं होतं. तालुका दौंड.

आईने बरणी हातात घेऊन फिरवली. वास घेतला. मग म्हणाली, "बरणी चांगलीय. लोणच्याला होईल."

बाजरीचं तेच, ज्वारीचं तेच, हातसडीच्या तांदळाचं तेच, लाकडी घाण्याच्या तेलाचं तेच. आजीच्या काळात गव्हाची पोळी सणाला आणि भाकरी रोजची. पोळीची आस धरून आमच्या दोन पिढ्या शिकल्या, नोकऱ्या केल्या, रोज पोळी खाऊ लागल्या. आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच आग्रहाने भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा पुण्याच्या उंची दुकानात बाजरीच्या पिठाला कागदी झगा मिळाला. उलट आमच्या रविवारच्या ट्रॉलीत काय असतं? रिफाइंड तेल, मैद्याची बिस्किटं, नूडल्स. सोलापूर रस्त्यावर रोज हा अजब व्यवहार चालतो. आमचा गूळ आणि बाजरी महाग व्हायला पुण्याकडे निघतात आणि पुण्याची बिस्किटं स्वस्त होऊन आमच्याकडे येतात. उरुळी कांचनच्या आसपास दोन्ही गाड्या एकमेकींना ओलांडत असतील. तिथल्या निसर्गोपचार आश्रमातल्या मंडळींनी हे बघून काय म्हटलं असतं ते मी सांगत नाही. गांधीजी १९४६ मध्ये तिथे राहून गेले आणि त्यांनी डब्यातली बिस्किटं मागितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

सरकारनेही यात आपला चिमूटभर मसाला घातला आहे. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-पिठाला आणि गुळालाही पाच टक्के जीएसटी लागला, सुट्याला नाही. पंचवीस किलोपर्यंतच्या पिशव्यांना कर, म्हणून व्यापाऱ्यांनी लगेच तांदळाची सव्वीस किलोची पिशवी काढली. म्हणजे बरणीतल्या गुळाला सुतळीचे पैसे, चित्राचे पैसे आणि चिठ्ठी लावली म्हणून कर. ढेपेला यातलं काही नाही. ढेप उघडी असते, तिच्यावर मुंग्या असतात, आणि मुंग्यांवर अजून कर नाही.

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामाला येते, तेव्हा काळभैरवनाथाच्या देवळापाशी सगळं गाव पिठलं-भाकरी घेऊन उभं असतं. हे इथलं जुनं व्रत. भाकरी घराघरांतून थापून येतात, पिठलं मोठ्या कढयांतून. अलीकडे पुण्याहून एखाद-दोन टप्पे चालायला येणारी हौशी मंडळीही पंगतीला असतात. परवाच्या वारीत भारी बुटांतल्या एक ताई बसल्या होत्या. वाढणाऱ्या पोराला त्यांनी विचारलं, "बाळा, बेसन कुठलं आहे? ऑरगॅनिक आहे का?" पोराने पळीभर पिठलं द्रोणात घातलं, जरा विचार केला आणि म्हणाला, "न्हाई ताई, हरभऱ्याचं हाय." ताईंनी तीनदा मागून घेतलं.

तेव्हा पुण्याच्या मंडळींना एक विनंती. सोलापूर रस्त्याने कधी जाल तेव्हा यवत ते चौफुला या पट्ट्यात धूर दिसला की गाडी आत घाला. स्वतःचा डबा आणा. पावडर न टाकलेला गूळ हवा असेल तर आधी सांगा, गुळव्या तसा काढून देतो. समोर उभं राहून घ्या, बोट लावून चाखा, भाव करा. चिठ्ठी नसेल, त्यामुळे तालुका कुठला हे विचारावं लागणार नाही. सुतळी लागत असली तर तीही बांधून देऊ. तिचे पैसे मात्र वेगळे पडतील.